दिनमान न पाहणारी भांग आणि उन्हाचे तास

ऑटोफ्लॉवर, म्हणजे ठरावीक वय झाले की आपोआप फुलणाऱ्या, प्रकारच्या भांगेविषयी एक वाक्य सर्रास ऐकायला मिळते, ते म्हणजे या झाडांना दिवसाच्या लांबीशी काहीही देणेघेणे नसते. वाक्य खोटे नाही, पण त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात. कोणी समजते की ही झाडे वर्षात केव्हाही सारखीच वाढतील, तर कोणी समजते की उन्हाळ्यातील मोठ्या दिवसांचा त्यांना काहीच उपयोग नाही. या गोंधळाचे मूळ एकच आहे. प्रकाश हा झाडाचा शिधाही असतो आणि पंचांगही असते, आणि या दोन गोष्टी झाड अगदी वेगळ्या यंत्रणांनी हाताळते. ऑटोफ्लॉवर झाडाने पंचांग पाहणे सोडलेले असते. शिध्याची गरज मात्र त्याला इतर कोणत्याही झाडाइतकीच असते. फुलोरा केव्हा सुरू होईल आणि तो किती भरेल, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की उघड्यावर वाढणाऱ्या या झाडांचे वागणे बरेचसे उलगडते. या वनस्पतीच्या लागवडीबाबतचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि अनेक ठिकाणी परवान्यावाचून ती गुन्हा ठरते. पुढील लेखनाचा रोख वनस्पतिशास्त्रावर आहे.

आधी सर्वसाधारण भांगेकडे पाहू, कारण अपवाद समजायचा तर नियम माहीत हवा. दिवस-रात्रीच्या लांबीवरून वनस्पती फुलण्याची वेळ ठरवतात, ही गोष्ट विज्ञानाला पहिल्यांदा जाणवली ती ज्या वनस्पतींमुळे, त्यांत भांगही होती, हे फारसे सांगितले जात नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युलियें तुर्न्वा यांनी १९१२ मध्ये जपानी हॉप, म्हणजे भांगेच्याच कुळातील एक वेल, आणि हेम्प, म्हणजे धाग्यासाठी लावली जाणारी भांग, यांच्यावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. हिवाळ्यात काचगृहात उगवलेली ही रोपे अगदी लहान असतानाच फुलत होती. रोज मोजकेच तास प्रकाश देऊन त्यांनी हे पुन्हा घडवून आणले, आणि १९१४ पर्यंत ते अशा निष्कर्षाला आले की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे हे खरे कारण असावे. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला आणि हे काम अर्धवट राहिले. पुढे १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून हीच गोष्ट व्यापक नियमाच्या रूपात मांडली, तिला फोटोपिरियॉडिझम हे नाव दिले, आणि श्रेय साहजिकच त्यांच्याकडे गेले. मला यात थोडा अन्याय दिसतो.

तुर्न्वांचा अंदाज बरोबर होता, हे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर या संशोधकांच्या झँथियम नावाच्या काटेरी फळांच्या तणावरील प्रयोगांनी दाखवले. हे झाड फुलण्यासाठी सुमारे साडेआठ तासांची सलग रात्र मागते, आणि त्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी दिवा लावला तरी फुलणे थांबते; उलट दिवसाच्या मध्यावर थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही. लहान दिवसांत फुलणाऱ्या वनस्पती प्रत्यक्षात अंधार मोजतात. त्यासाठी पानांत फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. लाल प्रकाशात, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीला, ते एका रूपात जाते, तर अतिलाल प्रकाशात, सुमारे ७३० नॅनोमीटरला, दुसऱ्या रूपात परतते. मात्र फायटोक्रोम एवढेच सांगू शकते की आत्ता उजेड आहे की नाही. आत्ता किती वाजले आहेत हे सांगणारे जैविक घड्याळ वेगळे असते, आणि घड्याळाच्या ठरावीक प्रहरी उजेड पडतो आहे की अंधार, या मेळावरून पान निर्णय घेते. निर्णय झाला की पानात एक प्रथिन तयार होते, ते रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जाते आणि तेथे पानांऐवजी फुलांच्या कळ्या घडू लागतात. असा निरोप्या असला पाहिजे, हे रशियातील मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच म्हटले होते. तो एफटी नावाचे प्रथिन आहे याचा थेट पुरावा २००७ मध्ये मिळाला.

भांगेच्या बहुतेक वाणांसाठी निर्णायक दिनमान १३ ते १५ तासांच्या दरम्यान कोठेतरी असते आणि ते वाणागणिक बदलते. दिवस त्याहून लहान झाला की फुलोरा सुरू होतो. या उंबरठ्याचा अर्थ अक्षांशावर अवलंबून असतो. विषुववृत्तावर दिवस वर्षभर १२ तासांहून थोडा मोठा असतो. २० अंशांवर वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, ४० अंशांवर १५ तासांचा, ५० अंशांवर १६ तास २० मिनिटांच्या आसपास, आणि ६० अंशांवर जवळपास १९ तासांचा असतो. ज्या वाणाचा उंबरठा १४ तासांचा आहे, त्याला ५० अंश उत्तरेला ऑगस्टचा उत्तरार्ध येईपर्यंत थांबावे लागते. त्याच वाणाला २० अंशांवर उंबरठ्याहून मोठा दिवस कधी भेटतच नाही, त्यामुळे ते केव्हाही पेरले तरी बालवय संपताच फुलते. धाग्याच्या हेम्पची शेती करणाऱ्यांना हे जुन्या काळापासून ठाऊक आहे. उत्तरेकडचे वाण दक्षिणेत नेले तर ते लवकर फुलून खुजे राहते व धागा आखूड मिळतो, आणि दक्षिणेकडचे वाण उत्तरेत नेले तर खोड उंच वाढत राहते पण बी पिकण्याआधी थंडी येते.

येथे आणखी एक बारकावा आहे. झाडाचा दिवस सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपत नाही. फायटोक्रोमला अगदी मंद प्रकाशही पुरतो, त्यामुळे पहाटेच्या व सायंकाळच्या संधिप्रकाशाचा काही भाग झाडाच्या हिशेबात दिवसातच धरला जातो. पंचांगातील दिनमान आणि झाडाला जाणवणारे दिनमान यांत त्यामुळे फरक पडतो, आणि उच्च अक्षांशांवर संधिप्रकाश लांबत असल्याने हा फरक तेथे जास्त असतो.

आता कल्पना करा की ही वनस्पती ५५ ते ६० अंश उत्तरेला, खंडाच्या आतल्या भागात, रस्त्याच्या कडेला किंवा पडीक जमिनीत आपोआप उगवते आहे. उन्हाळा लहान, पण दिवस प्रचंड मोठे. १४ तासांचा उंबरठा गाठायला ऑगस्टचा शेवट उजाडतो, आणि त्यानंतर बी पिकण्यासाठी जे आठवडे लागतात तेवढ्यात हिमतुषार पडलेला असतो. दिनमानाची वाट पाहणारे झाड येथे निपुत्रिक राहते. याउलट ज्या झाडात ही वाट पाहण्याची यंत्रणाच बिघडलेली आहे, ते जूनच्या भर उजेडातही फुलते आणि बी टाकून मोकळे होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये व्होल्गा नदीच्या प्रदेशातील अशाच रानटी, बुटक्या, लवकर फुलणाऱ्या भांगेचे वर्णन ‘कॅनाबिस रुडेरालिस’ या नावाने केले. ही स्वतंत्र जाती मानायची की लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेल्या ‘कॅनाबिस सटायव्हा’चाच एक रानटी प्रकार, यावर आजही एकमत नाही. मला दुसरे मत अधिक पटते, कारण दोहोंचा संकर सहज होतो आणि त्यांची संतती फलनक्षम असते.

आजची बहुतेक ऑटोफ्लॉवर वाणे या रानटी गटातून आलेला एक गुणधर्म अंगी बाळगून आहेत. लोरायडर हे वाण या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आले आणि त्यामुळे हा प्रकार प्रसिद्ध झाला, परंतु शेतीच्या दृष्टीने त्याआधीची एक घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात रशियन बियाण्यांपासून फिनोला हे तेलबियांचे हेम्प वाण विकसित झाले. ते बुटके आहे, लवकर फुलते, आणि एवढ्या उत्तरेला धान्यासारखे कापणीस येते. जेथे धाग्याच्या उंच वाणांचे बी पिकतच नाही तेथे हेम्पचे बी पिकवता येणे, ही दिनमानाची बेडी तुटल्याचीच फलश्रुती आहे.

हा गुणधर्म वारशाने कसा येतो हे तपासणे सोपे आहे. ऑटोफ्लॉवर आणि दिनमान पाळणारे झाड यांचा संकर केला तर पहिल्या पिढीतील झाडे साधारणपणे दिनमान पाळतात, जरी ती काही वेळा थोडी लवकर फुलतात. या झाडांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा पुन्हा ऑटोफ्लॉवर निघतो. मेंडेलच्या नियमानुसार हे एका मुख्य अप्रभावी जनुकाचे लक्षण आहे. बाजारात ‘फास्ट’ म्हणून विकली जाणारी बियाणी बहुधा या पहिल्या पिढीतील असतात, आणि ती ऑटोफ्लॉवर नसतात, हे घेणाऱ्याच्या अनेकदा लक्षात येत नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे जनुकीय स्थान भांगेच्या पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले गेले, आणि त्यानंतरच्या संशोधनात जैविक घड्याळाशी संबंधित पीआरआर-३७ या जनुकातील बिघाडाकडे बोट दाखवले गेले. या जनुकाचे नाव वाचून पिकांचा अभ्यास करणाऱ्या कोणाचेही कान टवकारतील. ज्वारीचे मूळ उष्ण कटिबंधातले; लांब दिवसांच्या प्रदेशात ती फुलायला फार उशीर लावत असे. तेथे लवकर येणारी ज्वारी निवडताना शेतकऱ्यांनी व पैदासकारांनी नकळत जे जनुक निवडले, ते ज्वारीचे पीआरआर-३७ होते. बार्लीत आणि गव्हात दिनमानाची संवेदना कमी-जास्त करणारी प्रमुख जनुकेही याच कुळातील आहेत, आणि मेक्सिकोत गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी एकाच वर्षात दोन भिन्न अक्षांशांवर पिढ्या घेऊन जो गहू निवडला, तो जगभर रुजण्याचे एक कारण दिनमानाविषयीची त्याची ही उदासीनता होते. भांगेच्या बाबतीत जे बीजविक्रेत्यांच्या जाहिरातीत नवलाईचे म्हणून मिरवले जाते, ते धान्यांच्या बाबतीत माणसाने कित्येकदा केलेले आहे.

तर मग उघड्यावरच्या ऑटोफ्लॉवर झाडाला दिवसाची लांबी काय करते? फुलोरा सुरू होण्याचा क्षण तिच्यामुळे फारसा हलत नाही. बी रुजल्यापासून साधारण तीन ते पाच आठवड्यांत झाड स्वतःच्या वयानुसार फुलण्याकडे वळते, आणि अनेक वाणांचे संपूर्ण आयुष्य अडीच ते तीन महिन्यांत आटोपते. परंतु वेळापत्रक ठरलेले असणे हीच त्याची सर्वांत मोठी मर्यादा आहे. दिनमान पाळणारे झाड दिवस मोठे असेपर्यंत पाने, फांद्या व मुळे वाढवत राहते, त्यामुळे सुरुवातीचे पंधरा दिवस वाईट गेले तरी पुढे भरून काढायला त्याला वाव असतो. ऑटोफ्लॉवरला तसा वाव नाही. पहिल्या चार आठवड्यांत जेवढी पाने आली तेवढ्याच पानांच्या बळावर त्याला फुलोरा पोसावा लागतो, आणि त्या चार आठवड्यांत पाने किती येतील हे मिळालेल्या एकूण प्रकाशावर व तापमानावर अवलंबून असते.

एकूण प्रकाश हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण तास मोजून तो कळत नाही. वनस्पतिशास्त्रात त्यासाठी दिवसभरात एका चौरस मीटरवर पडलेल्या, प्रकाशसंश्लेषणास उपयोगी अशा फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, बेरीज मोलमध्ये मोजतात. उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी ही बेरीज ५० ते ६० पर्यंत जाऊ शकते, तर उच्च अक्षांशांवरील हिवाळ्याच्या ढगाळ दिवशी ती १० च्याही खाली उतरते. दिवसाची लांबी या बेरजेतील केवळ एक घटक आहे. दुसरा घटक सूर्याची उंची. ५० अंशांवर जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६३ अंश वर असतो, सप्टेंबरच्या संपाताला ४० अंशांवर येतो आणि डिसेंबरात १७ अंशांहूनही खाली जातो. म्हणजे शरद ऋतूत दिवस चार तासांनी घटतो तेव्हा उरलेल्या बारा तासांतले ऊनही पूर्वीइतके प्रखर नसते, आणि त्यात ढग, धुके व शेजारच्या झाडांच्या लांबलेल्या सावल्यांची भर पडते. एखादे ऑटोफ्लॉवर झाड वसंत ऋतूच्या अखेरीस आणि दुसरे उन्हाळ्याच्या अखेरीस रुजले, तर दोन्ही जवळपास सारख्याच वयात फुलतील, पण दुसऱ्याचे खोड बारीक, पेरे कमी आणि फुलोरा विरळ असेल. हे पाहून कोणी म्हणते की लहान दिवसांमुळे ते लवकर फुलले. प्रत्यक्षात ते वेळेवरच फुलले. फुलण्याच्या वेळी ते लहान होते, एवढेच.

संधिप्रकाशाचा मुद्दा येथे उलटा होतो, आणि मला या साऱ्या विषयातील ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पहाटेचा अर्धा तास पंचांगाच्या हिशेबात धरला जातो, कारण तेथे क्षीण उजेडही पुरतो; शिध्याच्या हिशेबात मात्र त्याची किंमत जवळजवळ शून्य असते, कारण एवढ्या प्रकाशात पान श्वसनात जेवढे खर्च करते तेवढेही कमवत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचेही तसेच. दिनमान पाळणाऱ्या झाडाच्या रात्रीत तो व्यत्यय आणतो, फुलोरा लांबवतो किंवा अर्धवट ठेवतो. ऑटोफ्लॉवर झाडाला त्याचा ना त्रास होतो ना पोषण मिळते. बंदिस्त जागेत ऑटोफ्लॉवर झाडांवर १८ किंवा २० तास दिवे ठेवण्याची रीत आहे, तीही याच दृष्टीने पाहावी. ते जादा तास झाडाला कोणताही संदेश देत नाहीत. फक्त प्रकाशाची रोजची बेरीज वाढवतात. उघड्यावर प्रखर उन्हाचे १३ तास कमकुवत दिव्याच्या २० तासांहून अधिक पोसू शकतात.

तापमानाचा वाटाही दिनमानाच्या खात्यावर मांडला जातो, कारण निसर्गात दोन्ही एकत्रच बदलतात. थंड जमिनीत बी हळू रुजते, नवीन पाने उशिरा येतात, आणि वयावर चालणारे झाडही दिवसांच्या गणतीत मागे पडते. याउलट उष्ण हवेत वाढीचा वेग वाढून तोच टप्पा कमी दिवसांत येतो. पाकिटावर छापलेला आठवड्यांचा आकडा म्हणूनच एका विशिष्ट हवामानातला असतो, आणि तो दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

शिवाय ‘फुलणे’ म्हणजे काय, हेही ठरवून घ्यावे लागते. २०१९ मध्ये इस्रायली संशोधकांनी मादी भांगेच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की दिनमान पाळणाऱ्या झाडांतही लांब दिवसांत पेऱ्यांवर एकेकटी फुले येतात, आणि ती झाडाच्या वयानुसार येतात. लहान दिवस सुरू झाल्यावर जे घडते ते पहिले फूल येणे नव्हे. शेंड्याकडील पेरी आखडतात, फांद्यांना फांद्या फुटतात आणि दाट फुलोरा बनतो. याचा अर्थ वयावर फुलण्याची क्षमता सगळ्याच भांगेत आहे. ऑटोफ्लॉवर झाडाने नवे असे काही मिळवलेले नाही, त्याच्यात लांब दिवसांचा अडसर तेवढा निघून गेला आहे, आणि म्हणून हा गुणधर्म जनुकाच्या बिघाडातून येतो व अप्रभावी असतो, ही गोष्ट या चित्रात नीट बसते.

यातून एक व्यावहारिक अडचण निर्माण होते. एखादे वाण खरोखर ऑटोफ्लॉवर आहे की नाही, हे कमी अक्षांशांवर उघड्यावर लावून कळत नाही. जेथे वर्षातील सर्वांत मोठा दिवसही १३ तास २० मिनिटांचा आहे, तेथे १४ तासांच्या उंबरठ्याचे वाण आणि दिनमान मुळीच न पाहणारे वाण, दोन्ही रोप महिन्याभराचे होताच फुलोऱ्यावर येतील आणि शेजारी उभी असली तरी त्यांच्यात फरक दिसणार नाही. ‘आमच्याकडे सगळेच वाण आपोआप फुलते’ असे उष्ण कटिबंधातून जे सांगितले जाते त्याचे स्पष्टीकरण बहुधा हेच असते. त्याउलट ५० अंशांवर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस सोळा तासांहून मोठा असताना, एखाद्या झाडाच्या शेंड्यावर फुलोरा दाटू लागला असेल, तर तेथे शंकेला फारशी जागा उरत नाही. पेऱ्यांवरील एकेकट्या फुलांवरून मात्र निर्णय घेऊ नये; शेंड्याकडील पेरी आखडू लागली आहेत का, ते पाहावे.